ताऱ्याची फेरमोजणी आणि ग्रहाचा सातबारा

जानेवारीतली रात्र होती. यवतेश्वरच्या घाटात गाडी कडेला लावून मी आणि माझी भाची कठड्यापाशी उभे होतो. खाली साताऱ्याचे दिवे पसरलेले आणि पलीकडच्या काळ्या डोंगराच्या अंगाला एकच दिवा लुकलुकत होता. मी तिला विचारलं, "तो दिवा किती वॅटचा असेल गं?" ती म्हणाली, "मामा, आधी तो किती लांब आहे ते तरी सांगा."

भाची अकरावीत आहे. त्या आठवड्यात तिच्या वाचनात एक जुनी बातमी आली होती. नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीला दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांपैकी पृथ्वीच्या दुपटीपेक्षा लहान आणि राहण्याजोग्या पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रवरूपात टिकेल अशा अंतरावर, असलेले ग्रह तीसेक मानले जात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सांगण्यात आलं की ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानाची नवी मापं लावली तर त्यातले २ ते १२ च उरतील. तिचा प्रश्न साधा होता, "मग बाकीचे ग्रह गेले कुठे?"

गेले कुठेच नाहीत. फेरमोजणी झाली. माझं पोट जमिनीच्या मोजणीवर चालतं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. बांध जागच्या जागी असतो, झाडं, विहीर सगळं तिथंच असतं. मोजणी नीट झाली की कागदावरचं क्षेत्र मात्र बदलतं आणि त्या क्षेत्रावर उभं राहिलेलं बाकीचंही बदलतं. परग्रहांचं अगदी तसंच आहे. ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी वहीत ज्या क्रमानं गणित केलं तो क्रम इथं देतो. दुर्बीण लागत नाही. वही, कॅल्क्युलेटर, इंटरनेट आणि दहावीचं गणित एवढं पुरतं.

पहिली पायरी: अंतर मोजतात कसं, ते गच्चीवर बघा

अंतर आकाशात मोजायच्या आधी गावात मोजून बघा. साताऱ्यात याला अजिंक्यताऱ्याइतकी सोयीची जागा नाही. तारा नावातच आहे. गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहून किल्ल्यावरचा टॉवर बघा. त्याच्या मागं लांबवरचा एखादा ढग किंवा रात्री एखादा तारा कुठं येतो ते लक्षात ठेवा. आता गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जा. टॉवर मागच्या देखाव्यावर सरकलेला दिसेल. आपण हललो, टॉवर नाही. गच्ची १० मीटर रुंद आणि टॉवर २ किलोमीटरवर असेल तर हे सरकणं सुमारे १७ कलांचं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्याहून किंचित जास्त. गच्चीची रुंदी ही तुमची पायारेषा. ती आणि कोन माहीत असले की टॉवरपर्यंत टेप न लावता अंतर निघतं. आमच्या धंद्यात टोटल स्टेशन, म्हणजे कोन-अंतर मोजणारं यंत्र, येण्याआधी नदीपलीकडची अंतरं अशीच काढत.

ताऱ्यांसाठी गच्ची म्हणजे पृथ्वीची कक्षा. जानेवारीत एका टोकाला, जुलैत दुसऱ्या टोकाला. दोन टोकांतलं अंतर ३० कोटी किलोमीटर. इतकी मोठी पायारेषा असूनही तारा जेमतेम सरकतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठी पुस्तकांत पराशय. बेसेलनं १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पॅरॅलॅक्स पहिल्यांदा खात्रीनं मोजला. तो एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

पुढं हिप्पार्कस यानानं १९८९ ते १९९३ या काळात १ लाख १८ हजार ताऱ्यांची मोजणी केली, साधारण सहस्रांश विकलेच्या अचूकतेनं. मग आलं गाया. १९ डिसेंबर २०१३ ला उडालं आणि मार्च २०२५ मध्ये बंद करण्यात आलं. त्याची दुसरी यादी, डीआर२, एप्रिल २०१८ मध्ये आली, तीत १३३ कोटी ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स होते. तिसरी, डीआर३, जून २०२२ ची. गायाची अचूकता समजायची तर साताऱ्यात बसून जयपूरमधल्या माणसाच्या एका केसाची जाडी मोजायची.

दुसरी पायरी: पॅरॅलॅक्सवरून अंतर

सूत्र एका ओळीचं आहे. पॅरॅलॅक्स सहस्रांश विकलेत घ्या, १००० ला त्यानं भागा, उत्तर पारसेकमध्ये येतं. त्याला ३.२६ नं गुणलं की प्रकाशवर्षं. पहिल्यांदा ट्रॅपिस्ट-१ घ्या, कुंभ राशीतला सात ग्रहांचा तांबडा, मंद तारा. डीआर३ मध्ये त्याचा पॅरॅलॅक्स ८०.२१ आहे. १००० भागिले ८०.२१ म्हणजे १२.४७ पारसेक, म्हणजे ४०.७ प्रकाशवर्षं. गायाच्या आधी त्याचं अंतर १२.१ पारसेक धरत. फरक ३ टक्के. तो मुद्दाम पहिला घ्यायला सांगतोय, कारण इथं फारसं काही बिघडत नाही आणि हात बसतो.

हा आकडा कुठं मिळतो? ताऱ्याचं नाव सिम्बाड या ताऱ्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत टाका, पॅरॅलॅक्स समोर येतो आणि शेजारी त्याची चूक, म्हणजे माप किती इकडंतिकडं असू शकतं तेही दिलेलं असतं. ती चूक बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. पॅरॅलॅक्स चुकीच्या दहापट तरी असावा. त्याहून कमी असेल तर १००० ला भागण्याचं सूत्र फसवतं. अशा ताऱ्यांसाठी बेलर-जोन्स आणि सहकाऱ्यांनी आकाशगंगेत तारे कसे विखुरलेत याचा हिशोब धरून वेगळी अंतरं काढली आहेत, ती वापरा.

इथं मला माझी एक फजिती आठवते. नव्या प्रिझमवर (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) काम सुरू केलं आणि यंत्रात प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे त्या काचेसाठीची ठरलेली दुरुस्ती, जुनीच राहिली. प्रत्येक अंतरात ३ सेंटिमीटरची चूक. माळरानावरच्या १० एकरांत ती कुणाला कळली नाही. दुसऱ्या दिवशी गावठाणात दोन घरांमधली बोळ मोजली, तेव्हा दोन्ही मालक माझ्याकडे असे बघायला लागले की बस्स. सगळं पुन्हा मोजावं लागलं, फुकट.

गायाच्या पॅरॅलॅक्समध्येही अशीच एक कायमची चूक आहे. डीआर२ मध्ये सरासरी ०.०२९ सहस्रांश विकला, डीआर३ मध्ये ०.०१७, दोन्हीकडे पॅरॅलॅक्स खऱ्यापेक्षा लहान येतो. फक्त इथं उलटं आहे. माझ्या चुकीनं जवळची मापं बिघडली, गायाच्या चुकीनं लांबची बिघडतात. ट्रॅपिस्ट-१ च्या ८० मध्ये ०.०१७ कुठं दिसणारही नाही. पण १८०० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा पॅरॅलॅक्सच १.८ असतो, तिथं ती एक टक्क्याला जाते. म्हणून लांबच्या ताऱ्याच्या पॅरॅलॅक्समध्ये ही दुरुस्ती मिळवून घ्या.

तिसरी पायरी: अंतराच्या मागून काय काय सरकतं

ही पायरी नीट समजली तर बाकीचं सोपं आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीनं व्हायची. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला एक गुंठा. आता समजा वापरून वापरून साखळीच्या कड्या ताणल्या आणि ती १० टक्के लांबली. (इतकी लांबत नाही, हिशोबासाठी धरा.) मोजणारा अजूनही तिला ३३ फूटच समजतोय. त्यानं कागदावर लिहिलेला एक गुंठा प्रत्यक्षात ३६.३ बाय ३६.३ म्हणजे १३१८ चौरस फूट भरेल. लांबीत १० टक्के, क्षेत्रात २१ टक्के.

ताऱ्याचा प्रकाश अंतराच्या वर्गानं पातळ होत जातो. म्हणून तारा समजला होता त्यापेक्षा १० टक्के लांब निघाला, तर आपल्याला दिसतो तेवढा दिसण्यासाठी तो २१ टक्के जास्त तेजस्वी असलाच पाहिजे. घाटातल्या त्या दिव्यासारखं. अमुक ठिकाणच्या घरातला बल्ब वाटला, तो त्याच्याही मागच्या धारेवरचा हॅलोजन निघाला.

आता ताऱ्याचा आकार. वर्णपटावरून ताऱ्याचं तापमान कळतं, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा किती प्रकाश देतो ते कळतं. तापमान तेच राहून एकूण तेज २१ टक्के वाढलं, तर पृष्ठभाग २१ टक्के मोठा, म्हणजे त्रिज्या १० टक्के मोठी.

मग ग्रहाचा आकार. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, म्हणजे अधिक्रमण होतं, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. किती कमी झाला यावरून ग्रह ताऱ्याच्या कितवा हिस्सा आहे एवढंच कळतं. ते गुणोत्तर आहे, माप नाही. तारा १० टक्के मोठा निघाला की ग्रहही १० टक्के मोठा. आणि घनफळ? १.१ चा घन १.३३. वस्तुमान तेच राहिलं तर घनता पाव हिश्श्यानं उतरते. काल जो दगडाचा गोळा वाटत होता तो आज वायूचं जाड पांघरूण घेतलेला निघू शकतो.

शेवटी ऊब. ग्रहाला मिळणारं ऊन ताऱ्याच्या तेजाबरोबर वाढतं, म्हणून २१ टक्के जास्त. पण तापमान उन्हाच्या चौथ्या मुळानं चालतं, म्हणून ते जेमतेम ५ टक्के वाढतं. पृथ्वीचं उदाहरण घ्या. हवेचा परिणाम सोडून दिला तर पृथ्वीचं समतोल तापमान २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश. ते ५ टक्क्यांनी वाढलं तर उणे ६ च्या आसपास येईल.

माझं मत इथं स्पष्ट सांगतो. बातम्या नेहमी ऊब आणि पट्टा यांवर असतात, पण अंतर बदलल्यावर ग्रहाची गत बहुतेक वेळा आकारानं होते. तापमान वर्गमुळासारखं हळू सरकतं आणि घनफळ घनासारखं उसळतं. नवशिक्यानं आधी त्रिज्येकडे बघावं, मग तापमानाकडे. पृथ्वीच्या १.६ पट त्रिज्येच्या पुढचे बहुतेक ग्रह दगडी नसतात असा २०१५ च्या सुमारास अंदाज आला. पुढं २०१७ मध्ये केप्लरच्या ग्रहांची नीट मोजणी झाली तेव्हा दीड ते दोन पटींच्या मध्ये ग्रहच कमी आहेत असं दिसलं, मधे जणू बांध घातलाय. या बांधाच्या अलीकडे १.५ वर उभा असलेला ग्रह १० टक्क्यांनी वाढला तर १.६५ वर, म्हणजे थेट बांधावर येतो.

तुमच्या वहीत हे असं लिहा: अंतराचं नवं भागिले जुनं गुणोत्तर काढा. ग्रहाची त्रिज्या त्या गुणोत्तरानं गुणा, ऊन त्याच्या वर्गानं, तापमान त्याच्या वर्गमुळानं. घनता घनानं भागा.

चौथी पायरी: गुणाकार करायच्या आधी थांबा

भाचीला गुणोत्तर सापडल्यावर तिनं सपाटाच लावला. केप्लर-४५२बी घेतला. हा २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा पृथ्वीच्या १.६ पट, ३८५ दिवसांचं वर्ष, अंतर १४०० प्रकाशवर्षं. गायानंतर अंतर सुमारे १८००. गुणोत्तर १.२९, म्हणून ग्रह २.१ पट. "मामा, हा पण गेला!"

म्हटलं, थांब. १.६ हा आकडा अंतरावरून आलाच नव्हता. तो ताऱ्याच्या वर्णपटावरून आणि ताऱ्यांच्या वाढीच्या गणितावरून आला होता. केप्लरच्या बहुतेक ताऱ्यांना गायाच्या आधी धड पॅरॅलॅक्स नव्हताच. तिथं उलटं चाललं होतं, रंगावरून किंवा वर्णपटावरून ताऱ्याचा आकार ठरवायचा आणि त्यावरून अंतर काढायचं. म्हणजे उताऱ्यावरचं क्षेत्र बघून बांधाची लांबी लिहिल्यासारखं. अशा ठिकाणी अंतर बदललं याचा अर्थ दोन पुराव्यांत मेळ नाही. मग चूक कुठली ते शोधायचं, डोळे मिटून गुणायचं नाही. शिवाय ४५२बी च्या बाबतीत २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी तो ग्रह खरंच आहे का यावरच शंका घेतली, मग आकाराचं काय घेऊन बसलात.

चुकीची एक हमखास जागा म्हणजे धूळ. ऊसतोडीच्या दिवसांत शेतात पाचट पेटवतात तेव्हा संध्याकाळी कृष्णाकाठचे दिवे कसे मंद आणि तांबूस दिसतात ते आठवा. धूर आहे हे माहीत नसेल तर तुम्ही म्हणाल, दिवा लांब आहे किंवा कमी वॅटचा आहे. आकाशगंगेतल्या धुळीनं ताऱ्यांचं तसंच होतं. केप्लर ज्या भागाकडे बघत होतं तो अभिजित आणि हंसाच्या शेपटाच्या मधे, आकाशगंगेच्या पट्ट्याच्या काठावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी यवतेश्वरवरून हा भाग वायव्येला दिसतो, बघून ठेवा.

केप्लरच्या यादीतला मोठा बदलही याच उलट्या हिशोबातून आला. रंगावरून सूर्यासारखे वाटलेले बरेच तारे प्रत्यक्षात म्हातारपणाकडे झुकलेले, फुगायला लागलेले होते. रंग जवळपास तोच राहतो, अंग मात्र भरतं. गायानं अंतर दिल्यावर ते उघडे पडले. २०१८ मध्ये केप्लरच्या सुमारे १ लाख ७८ हजार ताऱ्यांच्या त्रिज्या गायाच्या मापांवरून नव्यानं काढल्या गेल्या, साधारण ८ टक्के अचूकतेनं, आधीपेक्षा चार-पाच पटींनी चांगल्या. तारे मोठे निघाले तसे त्यांचे ग्रह मोठे आणि तापलेले निघाले. भाचीच्या बातमीतले ग्रह असे यादीतून गळले.

सगळेच गळले असं नाही. केप्लर-१८६एफ २०१४ मध्ये जाहीर झाला तेव्हा ५०० प्रकाशवर्षांवर म्हणत, आता ५८०. तरी तो पृथ्वीच्या १.२ पटीच्या आतच आहे.

पाचवी पायरी: एक ग्रह शेवटपर्यंत सोडवा

सरावाला के२-१८बी उत्तम. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या हवेत जीवसृष्टीची खूण मिळाल्याचा दावा गाजला आणि तो अनेक शास्त्रज्ञांनी मान्य केला नाही, त्यामुळे नाव तुमच्या कानावर असेल. तारा सिंह राशीत आहे, ग्रह ३३ दिवसांत फेरी मारतो.

गायाच्या आधी अंतर ३४ पारसेक, म्हणजे १११ प्रकाशवर्षं. गायाचा पॅरॅलॅक्स २६.३. भागा: ३८ पारसेक, १२४ प्रकाशवर्षं. गुणोत्तर १.१२.

ताऱ्याची त्रिज्या आधी सूर्याच्या ०.४११ पट धरलेली होती. २०१९ च्या विश्लेषणात ती ०.४४५ झाली, ८ टक्के वाढ. आपल्या नियमानं १२ यायला हवी होती. आधीचं माप नुसत्या अंतरावर उभं नसेल तर असा फरक राहतो, म्हणून आपला नियम हा अंदाज आहे, निकाल नाही. ग्रहाची त्रिज्या २.३७ वरून २.६१ पृथ्वीत्रिज्या, १० टक्के वाढ. यात अधिक्रमणाच्या नव्या निरीक्षणांचाही थोडा वाटा आहे.

आता घनता करा. वस्तुमान ८.६३ पृथ्वी घ्या. २.३७ चा घन १३.३, ८.६३ भागिले १३.३ म्हणजे ०.६५. पृथ्वीची घनता ५.५१ आहे, तेव्हा ग्रहाची ३.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. नव्या त्रिज्येनं २.६१ चा घन १७.८, गुणोत्तर ०.४८५, घनता २.७. घनफळ एक तृतीयांशानं वाढलं.

३.६ वर तुम्हाला "पाण्याचा जाड थर असलेला दगड" असं म्हणायला थोडी तरी जागा होती. २.७ वर वरती हलक्या वायूंचं आवरण धरावंच लागतं, असं बहुतेकांचं मत. गंमत म्हणजे याच २०१९ च्या हिशोबात ग्रहाला मिळणारं ऊन दर चौरस मीटरला १३६८ वॅट आलं. पृथ्वीला १३६१ मिळतं. ऊब पृथ्वीसारखी, अंग पृथ्वीसारखं नाही. नुसतं उन्हाकडे बघणारा इथं फसतो, हेच मला म्हणायचं होतं.

सहावी पायरी: पट्टा

शेकोटी सगळ्यांना माहीत आहे. फार जवळ बसलं तर गुडघे भाजतात, फार लांब बसलं तर पाठ काकडते. ताऱ्याभोवती पाणी द्रवरूपात टिकेल अशा अंतरांना राहण्याजोगा पट्टा म्हणतात. पण नाव मोठं, लक्षण खोटं. पट्ट्यात असणं म्हणजे राहण्याजोगं असणं नव्हे, मंगळाचं उदाहरण शेजारीच आहे. तरी हिशोबाला पट्टा लागतो.

रवि कोप्परापू या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सूर्यासाठी हा पट्टा ०.९९ ते १.७० काढला, पृथ्वी-सूर्य अंतर १ धरून. पुढल्याच वर्षी सुधारून ०.९५ ते १.६७. म्हणजे इथं ताऱ्याचं अंतर तेच राहूनही कुंपण सरकलं. उन्हाच्या भाषेत आतली हद्द पृथ्वीच्या १.११ पट, बाहेरची ०.३६ पट. लाल, थंड ताऱ्यांसाठी आतली हद्द आणखी खाली येते.

आता एखादा ग्रह घ्या ज्याला पृथ्वीच्या ०.९५ पट ऊन मिळतं असं छापलंय. तारा १० टक्के लांब निघाला, ऊन १.१५ झालं. गेला पट्ट्याबाहेर. तोच ग्रह ०.५ वर असता तर ०.६ झाला असता आणि काहीच बिघडलं नसतं. म्हणून आतल्या हद्दीवरच्या ग्रहांवर नजर ठेवा. उलट बाहेरच्या हद्दीपलीकडे ०.३२ वर गारठलेला ग्रह अशा दुरुस्तीनं ०.३९ वर, म्हणजे पट्ट्यात येतो. फेरमोजणीत कुणाची जमीन जाते तशी कुणाची निघतेही.

एक बारकावा आहे, तो पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. ग्रह ताऱ्यापासून किती लांब फिरतो हे त्याच्या फेरीच्या काळावरून आणि ताऱ्याच्या वस्तुमानावरून काढतात. लहान लाल ताऱ्यांचं वस्तुमान बहुधा त्यांच्या तेजावरून काढतात. तेज वाढलं की वस्तुमानही वाढतं. समजा ते ९ टक्के वाढलं, तर ग्रहाची कक्षा घनमुळानं, म्हणजे ३ टक्के रुंदावते आणि ऊन ६ टक्के उतरतं. २१ टक्क्यांची वाढ १४ वर येते. सूर्यासारख्या ताऱ्यांत वस्तुमान बऱ्याचदा वर्णपटावरून येतं, तिथं ही सूट मिळत नाही.

सातवी पायरी: शेजारी कोण आहे ते बघा

जमिनीची मोजणी असो की ताऱ्याची, लगतच्या गटधारकाला नोटीस दिल्याशिवाय पुढं जाऊ नये. एक तारा समजून मोजलेले प्रत्यक्षात एकमेकांना चिकटून फिरणारे दोन तारे असतील तर सगळंच बिघडतं. दोघं सारख्याच तेजाचे असतील तर अधिक्रमणाची खळी, म्हणजे प्रकाशातली घट, निम्मीच दिसते, कारण दुसऱ्याचा प्रकाश त्यात भर घालत राहतो. मग ग्रह खऱ्यापेक्षा १.४१ पट लहान वाटतो. १.४ चा "दगडी" ग्रह २ चा निघाला तर वही बंद करायची. शिवाय जोडीच्या हेलकाव्यानं पॅरॅलॅक्सही चुकतो.

हे ओळखायला गायाच्या यादीत रूवे नावाचा रकाना आहे. एकट्या, नीट वागणाऱ्या ताऱ्याचा आकडा १ च्या आसपास असतो. १.४ च्या वर गेला तर त्या ताऱ्याचं अंतर पेन्सिलीनं लिहा, पेननं नको.

आणि एक सापळा. नासाच्या एक्सोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये, म्हणजे परग्रहांच्या ऑनलाइन नोंदवहीत, दोन प्रकारचे तक्ते आहेत. एकात प्रत्येक शोधनिबंधाची वेगळी ओळ असते. दुसऱ्यात एका ग्रहाची एकच भरगच्च ओळ, सगळे रकाने भरलेले. नवशिक्याला दुसरा आवडतो, मलाही आवडला होता. पण त्या ओळीत अंतर एका निबंधातलं, त्रिज्या दुसऱ्यातली आणि वस्तुमान तिसऱ्यातलं असू शकतं. तीन मोजणीदारांची मापं एका नकाशावर चढवल्यासारखं ते होतं. चाळायला तो तक्ता ठीक. गणिताला पहिला तक्ता घ्या आणि एकाच निबंधाची ओळ शेवटपर्यंत धरा.

आमच्या वहीत आता प्रत्येक ग्रहाला एक पान आहे. वर ताऱ्याचं नाव, खाली पॅरॅलॅक्स, त्याची चूक, रूवे, अंतर, मग त्रिज्या, घनता, ऊन. उजव्या बाजूला भाचीनं स्वतःहून एक रकाना आखलाय, "मोजणी कुणाची, तारीख काय." गायाची पुढची यादी, डीआर४, डिसेंबर २०२६ मध्ये यायची आहे. त्यासाठी तिनं प्रत्येक पानावर चार ओळी कोऱ्या सोडल्यात. के२-१८ च्या पानावर आठ सोडल्यात. विचारलं, इथं जास्त का? म्हणाली, "ह्याच्यावर भांडणं लई आहेत."